पोळ्याच्या रातची चूड

मोबाईल खाली ठेवा आधी. आकाशात दिवा दिसला म्हटलं की दात काढता तुम्ही. जीवरामला विचारा. तो दिवा काय होता, हे त्याला सांगावं लागलं होतं, जीव वाचवायला.

जीवराम जामनेरचा, ठिबक जोडणारा. माझ्याच हाताखाली शिकला. दोन हजार चोवीस, पोळ्याची अमावस्या, सोमवार. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एका मळ्यात व्हॉल्व्ह बसवून तो मोटारसायकलवर निघाला तेव्हा रात्रीचे सव्वादहा झाले होते. तेव्हा गावोगाव एकच बोंब होती, की रात्री ड्रोन फिरतात आणि चोर त्यातून घरं हेरतात.

नाल्याच्या फरशीवर, म्हणजे बुटक्या पुलावर, पहाऱ्यावरच्या पोरांनी त्याला अडवलं. दहा-बारा जण, हातात काठ्या, दगड. पिशवी उपडी केली. वायरी, सेल, प्रेशर मीटर. एक म्हणाला, "हाऊ रिमोट शे."

"पाण्याचा दाब मोजतात भाऊ त्यानं."

ऐकतं कोण? मारायचं ठरलं की पुरावा कुठेही सापडतो. त्या पोरांचा मला अजून राग आहे.

तेवढ्यात सागाच्या शेंड्यावर दिवा दिसला. पिवळा. आवाज नाही.

"बोल, काय शे ते?"

ड्रोन म्हणावं, तर ह्याचाच. माहीत नाही म्हणावं, तर खोटारडा. त्याच्या मागे पाड्यावरची म्हातारी उभी होती, झुंबरबाई. ती हळूच म्हणाली, "चूड शे ती. जोरमा नाव नका लेवा. जो नाव ली, त्यानं घर देखस ती." म्हणजे मोठ्यानं नाव घेईल त्याचं घर ती बघून ठेवते.

चूड म्हणजे भुताच्या हातातली जळती काडी. बघत होते सगळे एकच. पोरांच्या लेखी ते ड्रोन, पाड्यावर ती चूड.

जीवराम मोठ्यानं म्हणाला, "चूड."

हा शब्द पोरांनी आजीच्या तोंडून ऐकलेला होता. काठ्या खाली आल्या. मग एकानं भीतीनं दगड वर भिरकावला. मग सगळ्यांनी. जीवरामसाठी उचललेले दगड...

एकही खाली पडला नाही.

सगळे कान देऊन उभे...

दिवा गेला. पोरं पळाली.

जीवराम उत्तररात्री घरी पोचला. पहाटे पाऊस झाला. सकाळी त्याची बायको कामिनी गच्चीवर गेली. चोपडा कुठे, जामनेर कुठे. गच्चीभर नाल्यातले गोल दगड.

गच्ची ओली होती. दगड कोरडे. हाताला गरम लागत होते.