उजव्या बाजूच्या रेघा

बसा, घाई नसेल तर सांगतो. मी सुतार माणूस, लाकडापलीकडचं मला फारसं कळत नाही. म्हणूनच कदाचित हे अजून डोक्यातून जात नाही.

दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या बांधलेला तो बंगला. ठेंगणं उतरतं छप्पर, पुढे खोल व्हरांडा, विटांचे रुंद खांब. गावाने त्यावर ऐतिहासिक म्हणून पाटी लावली आणि नव्या मालकाला अट घातली, आतलं लाकूड मूळ रूपात आणा. म्हणून मला बोलावलं. घर विकून भाचीकडे निघालेल्या बाई अजून तिथेच होत्या. नोकरी टपाल कचेरीत झालेली, वय चौऱ्याहत्तर, कमरेत जराशा वाकलेल्या.

"स्वयंपाकघराची चौकट जपून हं," त्या म्हणाल्या. "बाबा वाढदिवसाला तिथे आमची उंची मांडायचे. डावीकडे माझी, उजवीकडे बुटक्याची."

बुटक्या म्हणजे त्यांचा जुळा भाऊ. बाईंपेक्षा कायम दोन बोटं कमी. पाचव्या वाढदिवसानंतर महिन्याभरात तो तापाने गेला. बाबांनी त्याच आठवड्यात चौकटीला रंग फासला आणि पुन्हा कधी कुणाची उंची मोजली नाही.

भर दुपार होती, पण घर इतकं शांत की रंगाचे पापुद्रे जमिनीवर पडलेले ऐकू यायचे. डावीकडे पाच रेघा निघाल्या, उजवीकडेही पाच. उजवीकडचा शेवटचा आकडा पोराने स्वतः लिहिलेला, पाच उलटा काढलेला.

मग त्याच्यावर सहा निघाला.

मी खरवडत राहिलो. सात, आठ, नऊ... पंधरातला पाच उलटा. पंचविसातलाही. विशीनंतर एकाच उंचीवर आकड्यांची दाटी झाली, आणि साठीनंतर रेघा हळूहळू खाली उतरू लागल्या, म्हातारी माणसं खचतात तशा. सगळ्या अगदी तळच्या रंगाखाली, कोऱ्या लाकडावर. शेवटचा आकडा चौऱ्याहत्तर.

भीती नव्हे ती. फार मोठं काही समोर आलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं. मी बाईंना हळूच हाक मारली.

त्यांनी सगळं पाहिलं आणि डाव्या लाकडाला पाठ टेकवली. मी त्यांच्या डोक्यावर गुण्या, म्हणजे आमची काटकोनी पट्टी, धरून रेघ मारली. उजवीकडची शेवटची रेघ बरोबर दोन बोटं खाली होती.

"म्हणजे इतकी वर्षं..." त्यांनी माझं मनगट धरलं. "मी इथून गेले तर एकटा पडेल हो. येईल ना माझ्याबरोबर?"

मी दोन्ही उभी लाकडं काढली आणि तिथे हुबेहूब दुसरी बसवली. पाटीवाल्यांना आजतागायत पत्ता नाही. जुनी जोडी भाचीच्या घरी भिंतीला ठोकली आणि वरून वॉर्निशचे तीन हात दिले.

सहा महिन्यांनी वाढदिवस आला. बाईंनी मलाच बोलावलं. "मी अजून बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "धीर होत नाही."

त्या आणखी वाकल्या होत्या. मी डावीकडे रेघ मारली आणि उजवीकडे पाहिलं. दोन बोटं खाली पंचाहत्तर होता, पाच उलटा. नख फिरवलं. वॉर्निश काचेसारखं गुळगुळीत, रेघ त्याच्या आत.

"आला...?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

"आला."

त्या रडल्या, हसल्या, डोळे पुसून चष्मा लावून बघायला वाकल्या. मला आड यायचं होतं, जमलं नाही. पंचाहत्तरच्या खाली शहात्तरची रेघही तयार होती. सत्त्याहत्तर मात्र कुठेच नव्हता.

"बुटक्याला पहिल्यापासून घाई," बाई शांतपणे म्हणाल्या. "पुढच्या वर्षी गुण्या घेऊन या."

तो वाढदिवस येत्या आठवड्यात आहे. बाई ठणठणीत आहेत. काल मात्र भाचीचा फोन आला. डाव्या लाकडावर, वॉर्निशच्या आत, शहात्तरची रेघ उमटली आहे. बाईंना कुणी मोजलेलं नाही. आणि या वेळी दोघांच्या रेघा एकाच उंचीवर आहेत.