तिसरं धुवण

अप्पांनी डाव्या हाताचा पट्टा तोडला आणि सलाईनचा स्टँड डॉक्टर तांबोळींच्या कपाळावर हाणला. रक्त भुवईवरून ओघळलं, तरी तांबोळींनी पकड सोडली नाही.

"ऋजुता, मागे हो! ते तुझे वडील राहिले नाहीत आता."

"माझेच आहेत," ती म्हणाली आणि तिने सुई टोचली.

नव्या पिसाळरोगापुढे जुनी लस हरली होती. चावा बसल्यापासून तीन दिवसांत रोग मेंदूत शिरे, मग माणूसच माणसांना चावे. त्यावरचा उतारा अप्पांनीच, म्हणजे प्राध्यापक विनायक टिळेकरांनी, शोधला होता: उंटाच्या रक्तात सापडणारं सूक्ष्म-प्रतिपिंड, नेहमीच्या प्रतिपिंडाच्या दशांश आकाराचं. त्याचं जनुक जिवाणूंत घालायचं, जिवाणू वाढवायचे, फोडायचे आणि तो गढूळ रस निकेलचे मणी भरलेल्या नळीतून सोडायचा. प्रतिपिंड मण्यांना चिकटून राहतं. मग मणी धुवायचे, आणि शेवटी प्रतिपिंड सोडवून घ्यायचं.

"तीनदा धुवायचं," हा अप्पांचा दंडक. "जिवाणूच्या भिंतीचा कण राहिला तर ते भित्तिविष रोगाआधी माणूस मारेल." धुवण ब्लीचमध्ये ओतल्याशिवाय ते कुणाला घरी जाऊ देत नसत.

दंडक एकदाच मोडला होता. पिसाळलेला ट्रकचालक लेंगरे वॉर्डाची दारं फोडत होता, थांबायला वेळ नव्हता. एकदाच धुतलेलं औषध अप्पांनी त्याला टोचलं. टोचताना लेंगरेने त्यांच्या मनगटाचा लचका तोडला. लेंगरे वाचला. अप्पांसाठी ऋजुताने चार दिवस खपून, तीनदा धुऊन औषध काढलं. ते हाती आलं तोवर अप्पा पाण्याचा पेला पाहून किंचाळू लागले होते.

आज अप्पांचे पाय लेंगरेच धरून बसला होता. स्वतःहून आला होता.

तास गेला, दोन गेले. अप्पा गुरगुरतच राहिले.

"ताई," लेंगरे म्हणाला, "सुई दिल्यावर मला लई थंडी भरली होती. पलंग हालत होता माझा. सरांना का नाय भरली?"

"कारण हे शुद्ध आहे. यात ती घाण नाही."

कपाळावर गॉझ दाबणारा तांबोळींचा हात थांबला. "घाण नाही," ते हळूच म्हणाले. "ऋजुता, रक्तातलं काही मेंदूत सहजी जात नाही. वेशीवरच अडतं."

"प्रतिपिंड इवलं आहे, म्हणून जातं. अप्पा म्हणायचे ना."

"नाही जात. भित्तिविषाने ताप चढतो आणि ती वेस सैल पडते. लेंगरेच्या औषधाला वाट कुणी करून दिली? तू धुऊन टाकलंस त्याने."

धुवण! तिने सकाळीच ब्लीचमध्ये ओतलं होतं. बरणीसुद्धा विसळून पालथी घातली होती.

ती वडिलांच्या अंगावर ओणवली, काय सांगायला ते तिलाही कळलं नाही. त्याच क्षणी अप्पांचे दात तिच्या तळहातात रुतले. हाड कडाडलं. "माफ करा सर, माफ करा," म्हणत लेंगरेने त्यांच्या जबड्यावर ठोसे घातले. तिसऱ्या ठोशाला दात सुटले. दुपारी अप्पा गेले.

"एकदाच धुतलं तर औषध दोन दिवसांत होतं," तांबोळी तिचा हात बांधताना म्हणाले. "पण लेंगरेचं हृदय दोनदा थांबलं होतं, ते विसरू नकोस."

"नाही विसरले."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मणी पहिल्यांदा धुऊन झाले. अप्पांची सहा वर्षांची शिकवण: तिचा बांधलेला हात आपोआप दुसऱ्या धुवणाच्या बाटलीकडे गेला.

दुसऱ्या हाताने तिने तो धरला, मागे ओढला. मण्यांवरचं प्रतिपिंड तसंच सोडवून तिने सुई भरली.

"डॉक्टर," ती पलंगावर चढत म्हणाली, "पट्टे घट्ट आवळा. थंडी वाजेल."