दोनशे चाळीस फ्रेम

विश्वास ठेवा म्हणून कुणाच्या पाया पडणार नाही. पण बदलापूर पश्चिमेला, गेल्या मार्चमधल्या त्या रविवारी भरदुपारी जे झालं, त्यातला एक शब्दही पदरचा नाही.

सम्यक आनंदनगरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. तिथून सुटायची वाट एकच, कॉम्प्युटरवरच्या शूटिंग गेमच्या स्पर्धा. मोठी बहीण प्रीती त्याच्याच टीममधून खेळायची. सम्यकचा हात सफाईदार, पण कॉम्प्युटर जुना. भिंतीआडून शत्रू निघायचा, स्क्रीन अडकायची, आणि सम्यक मेलेला असायचा.

"ताई, मी आधी मारलं होतं गं!" तो कळवळून म्हणायचा.

मग त्याने उल्हासनगरहून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणलं. मॉनिटर नवा घेतला. सेकंदाला दोनशे चाळीस फ्रेम. चित्र पाण्यासारखं वाहू लागलं.

सम्यक जिंकू लागला.

एकदा प्रीती त्याच्या खुर्चीमागे उभी होती. स्क्रीनवर रिकामा दरवाजा. सम्यकने गोळी झाडली...

आणि मग शत्रू दारात आला. जणू मरायलाच.

"तुला दिसला कसा?"

"मशीन फास्ट आहे ना. आता सगळं आधीच दिसतं."

सांगताना तो हसला नाही.

बुधवारी ती चहाचं विचारायला गेली. तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "नको."

मग हेडफोन काढून तो कान देऊन बसला...

"ताई, आई का ओरडतेय?"

आई स्वयंपाकघरात शांतपणे तांदूळ निवडत होती.

प्रीतीने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "सम्या, ते कार्ड काढ. आत्ताच्या आत्ता."

"रविवारची फायनल होऊ दे. मोठ्या टीमवाले बघणारेत. नाहीतर जन्मभर तोच कारखाना." मग तो हळूच म्हणाला, "आणि काढून काय होणार? जे दिसलं, ते दिसलं."

काय दिसलं, ते त्याने सांगितलं नाही.

रविवारी बारा वाजता सम्यक आतल्या खोलीत बसला, दार लावून. प्रीती हॉलमध्ये, लॅपटॉपवर. तिच्या कानात त्याचा आवाज... "ताई, डावीकडे." "ताई, थांब."

एकही चूक नाही.

शेवटच्या राउंडला तो म्हणाला, "ताई, मागे बघू नको."

साडेतीनला ते जिंकले.

"सम्या, जिंकलो रे!"

हेडफोनमध्ये... काहीच नाही.

आई पाणी घेऊन आत गेली.

आणि ओरडली.

सम्यक खुर्चीत होता. हात माउसवर. थंडगार.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. हृदय बंद पडलं, म्हणाले. मग त्याची ताठ झालेली बोटं त्यांनी सोडवून पाहिली, आणि गोंधळून प्रीतीकडे बघितलं.

"इतका वेळ घरात कुणाला कळलं नाही? याला जाऊन तीन तास तरी झालेत."

तीन तास...

म्हणजे तेव्हा खेळ नुकताच सुरू झाला होता.

मग तिच्याशी कोण बोलत होतं, हे प्रीतीने आईला कधी विचारू दिलं नाही. ते शेवटचं वाक्य खेळातलं होतं की नव्हतं, हे तिलाही ठाऊक नाही.

आता ती भिंतीला पाठ लावूनच बसते.

चालताना पाठीमागून आईने हाक मारली, तरी वळत नाही.