डॉक्टर रोलिन्सना हाक

विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा आणि शास्त्रज्ञांचा इतिहास गोळा करायचं काम जोनेलकडे होतं. त्या दुपारी ती मिस ल्युडींकडे फक्त एक जुना फोटो मागायला निघाली होती. मिस ल्युडींचे सख्खे मामा, डॉक्टर आल्फियस रोलिन्स, जन्माने कृष्णवर्णीय, पण रंगाने इतके उजळ की जन्मभर गोरे म्हणून वावरले आणि गोरे म्हणूनच रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. खरं कळतं तर त्यांना हाकलूनच दिलं असतं. सोमवारी जोनेल त्यांचं नाव भिंतीवर लावणार होती: आपला पहिला शास्त्रज्ञ!

मिस ल्युडींनी तिला फोनवर चांगलंच झापलं होतं. "रस्त्यात मामा दिसला की आई आम्हाला मान खाली घालायला लावायची. ओळख दाखवायची नाही, पोरी! आपल्या माणसाला असं सांभाळतात. आणि तू निघालीस ढोल पिटायला!"

"आता कसली भीती, मिस ल्युडी? त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली."

"मग त्यांनाच विचार," म्हणत म्हातारीने फोन आपटला.

रसायनशास्त्राच्या इमारतीतून जवळची वाट होती. सुट्टीचा दिवस, आत चिटपाखरू नव्हतं. लांबलचक बोळात गंधकाचा वास कोंडला होता. समोरून एक उंच, गोरा गृहस्थ भिंतीच्या कडेकडेने येत होता. जुन्या पद्धतीची ताठ कॉलर... आणि मिस ल्युडींच्या दिवाणखान्यातल्या तसबिरीतला तोच चेहरा.

मान खाली घालून पुढे जायचं, एवढंच तिला करायचं होतं. पण त्याच्याच तोंडून 'हो' ऐकायची हाव वाईट. तिच्या तोंडून गेलंच, "डॉक्टर रोलिन्स!... तुम्ही आमचेच ना?"

तो थांबला. रागावला नाही. भर बाजारात कपडे फेडल्यासारखं त्याने कोटाच्या बाहीत तोंड लपवलं. जोनेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती झपाझप निघाली. मागे पावलं वाजत राहिली. रस्त्यावर आली तरी गंधकाचा वास सुटेना... वळून बघायची तिची छाती झाली नाही.

मिस ल्युडींनी दार उघडलं आणि तिच्या खांद्यामागे पाहिलं. "सोबत कोण आहे गं?"

जोनेलने मागे न बघताच मान हलवली. "कोणी... कोणी नाही."

बोलली आणि स्वतःचीच तिला शिसारी आली. ज्याचं नाव मिरवणार होती, त्यालाच तिने त्याच्या माणसांच्या दारात नाकारलं होतं. तेही त्याला सांभाळायला नाही, स्वतः घाबरली म्हणून.

"बरं," मिस ल्युडी हळूच म्हणाल्या.

जोनेलच्या मागे पायपुसण्यावर कोणीतरी बूट पुसत होतं. सावकाश, पुन्हा पुन्हा... आत या म्हणेपर्यंत पाहुणा पुसत राहतो तसे.