बोटदाव्या

"हे पोस्टर मी फाडणार आहे," नंदिनी म्हणाली.

"फाड ना वं. पुढच्या प्रत्येक खांबावर आहेच," पियुष म्हणाला.

पोस्टरवर दहा वर्षांचा एक मुलगा बोट दाखवत उभा होता. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'पल्याडचा दिवा. विस्मृतीत गेलेला थरारपट. रविवारी या आणि पडद्यावरच्या गद्दाराला प्रत्यक्ष भेटा!'

तो गद्दार म्हणजे नंदिनीचे आणि तिच्या चुलतभावाचे, पियुषचे आजोबा भैयाजी. पोरं त्यांना आबाजी म्हणायची.

महायुद्ध संपल्यावर काही वर्षांनी पारशिवनीकडे, नदीकाठी हा सिनेमा काढला होता. ब्रह्मदेशातून परतलेल्या एका शिपायाला त्याचा जिवलग दोस्तच दगा देतो. शिपाई रानात लपून कसाबसा जगतो. त्याला गुपचूप भाकरी पोचवणारा मुलगा म्हणजे आबाजी. दगाबाज दोस्ताची माणसं त्या मुलाला पकडतात, दरडावतात, आणि मुलगा बोट दाखवतो. नागपूरच्या टॉकीजात सिनेमा तिथेच संपला, कारण शेवटचं रीळ ऐनवेळी सापडलंच नाही. लोक शिव्या घालत घरी गेले आणि सिनेमा विसरले. ते बोट मात्र कोणी विसरलं नाही. तेव्हापासून आबाजींचं नाव पडलं बोटदाव्या. लग्नात, मयतीत, भाजीबाजारात, जिथे जातील तिथे बोटदाव्या.

आबाजींनी मग बोट दाखवणंच सोडून दिलं. कोणी रस्ता विचारला तर ते नुसती हनुवटी उडवायचे.

"सांगू सांगू तोंड दुखलं माह्यं," ते नंदिनीला म्हणाले होते. "बोट म्या दलदलीकडे दाखोलं होतं. शिपाई दुसऱ्याच अंगाले होता. पण ते आखरीच्या रिळात होतं ना बाई. कोणं पाह्यलं? मी काही रविवारी येत नाही."

नंदिनीला हे सहन होईना. उन्हाळ्याच्या सुट्टीत चंद्रपूरहून ती नागपूरला मजा करायला आली होती आणि इथे नुसता संताप संताप होत होता. ती, पियुष आणि शेजारची दिपाली भर उन्हात बस पकडून शहराबाहेर बेशाला गेली. कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचे सचिव संजीवकाका तिथे राहायचे. बंद पडलेल्या टॉकीजातले रिळांचे गोल डबे त्यांच्या गॅरेजमध्ये होते.

"शेवटचं रीळ नाहीच," काका मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाले. "बाकीची मी कॉम्प्युटरवर उतरवून आणली. तेवढं पुरे."

"आणि हे कोपऱ्यातले डबे?" दिपालीने विचारलं.

"ते कबाड. जुन्या सरकारी फिल्मा. याच्यावर बघ, 'आखर' लिहिलंय. आखर म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात ती जागा. गुरांची फिल्म आहे."

"उघडून पाहिलंत?"

"गुरं काय पाहायची? चला, निघा आता. कबाडीवाला येतोय."

परतीच्या बसमध्ये तिघांची तोंडं एवढीशी झाली होती. नंदिनीला तर रडूच येत होतं. मोठी माणसं ऐकूनच घेत नाहीत, मग बोलायचं तरी कशाला? बस बर्डीला थांबली आणि कंडक्टर ओरडला, "चला, उतरा! आखरी स्टॉप!"

नंदिनी उठली आणि खाडकन परत बसली.

"आखरी! अरे, आखर नाही, आखरी! शेवटची वेलांटी गंजाने खाल्ली!"

"म्हणजे गुरं नाहीत?" पियुष म्हणाला.

"आहे ना एक. तू."

तिघं त्याच बसने उलट बेशाला. कबाडीवाला डबे हातगाडीवर चढवत होता. खरं सांगितलं तर काका पुन्हा तासभर हुज्जत घालणार, हे नंदिनीला कळून चुकलं होतं. तिने चेहरा भाबडा केला.

"काका, कुरडया ठेवायला एक डबा नेऊ का? आतलं कबाड मीच काढून टाकीन."

"न्या, पण माझं डोकं खाऊ नका!"

घरी झाकण उघडताच नासक्या लोणच्यासारखा आंबूस वास आला. दिपालीने नाक दाबलं. खिडकीच्या काचेवर पांढरा कागद लावून त्यांनी फिल्म उन्हासमोर धरली. शेवटच्या प्रसंगाच्या एकेका चौकटीचा मोबाइलने फोटो घ्यायचा. फिल्म सारखी गुंडाळायची, बोटांना चिकटायची, फोटो हलायचे, की पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस हेच चाललं. पियुषने तर मध्येच फतकल मारून संप पुकारला. पण सगळे फोटो भराभर फिरवले तेव्हा मुलगा चालायला लागला.

नंदिनीने लगेच काकांना फोन लावला.

"आता पत्रिका छापून झाल्या," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

तिने फोन ठेवला आणि उशीवर दोन बुक्के मारले. मग म्हणाली, "पियुष, रविवारी लॅपटॉप कोण सांभाळणार आहे?"

"मीच. काकांना कुठे चालवता येतो?"

"छान. मग पुढच्या वर्षापर्यंत कशाला थांबायचं?"

रविवारी आबाजी आले ते फक्त नंदिनीच्या हट्टापायी. अगदी मागे, दाराशी बसले. पडद्यावर मुलाने बोट उचललं आणि सभागृह हसलं. कोणीतरी ओरडलं, "काय गा बोटदाव्या!" आबाजी काठी घेऊन उठायला लागले. नंदिनीने त्यांचा सदरा घट्ट धरून ठेवला.

काका माइककडे निघाले, तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला. आवाज नव्हता, चित्र थरथरत होतं. माणसं मुलाने दाखवलेल्या दिशेला धावली आणि कमरेपर्यंत चिखलात रुतली. मुलगा उलट्या बाजूला पळत सुटला. झाडाआड शिपाई बसला होता. मुलाने सदऱ्यातून भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली.

सभागृहात कोणी हसलं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. काका मागे येऊन आबाजींसमोर उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता.

"भैयाजी, माफ करा. डबा माझ्या घरात होता आणि मी तो उघडलासुद्धा नाही. पोरांनी आम्हाला चांगलंच शिकवलं. तो डबा ओळखला तरी कोणी?"

आबाजींची हनुवटी सवयीने वर झाली आणि तिथेच थांबली. काठी त्यांनी डाव्या हातात घेतली. उजवा हात उचलला आणि सगळ्यांदेखत बोट सरळ नंदिनीकडे रोखलं.

"ह्या पोट्टीनं," ते म्हणाले.