गंधालीचं बोट आणि कपारीतली वही

माझ्या मुलाची शेवटची वही आणायला आम्ही गंगरेल धरणाच्या पलीकडच्या डोंगरात निघालो होतो. निरंजन वनखात्यात होता. महिन्यापूर्वी वादळात सापडला, तेव्हा त्याने वही पत्र्याच्या डबीत घालून एका कपारीत सरकवली, आणि रायपूरला घरी येऊन तापाने अंथरूण धरलं. मरणाच्या आदल्या दिवशी कपारीची खूण सांगून बारा वर्षांच्या लेकीला म्हणाला, "गंधाली, त्यात तुह्यासाठी लिहून ठेवलं आहे."

मी, नात आणि वाटाड्या हिरालाल. वाळलेली सागाची पानं पायाखाली चुरत, तापलेल्या गोट्यांचा कोरडा नाला ओलांडत तीन तास चढलो, तेव्हा काळा कडा समोर आला. दोन पुरुष उंचीवर कपार होती. मधल्या काळात शिळा घसरून ती इतकी अरुंद झाली होती की हिरालालचे खांदे अडकले, काठीही आत पोचेना. गंधाली मावत होती. कमरेला दोर बांधून ती चढली.

"आबा, डबी दिसून राहिली!"

तिचा पाय निसटला! दोर ताणला. ती कड्यावर आपटली, आणि उजव्या हाताचं मधलं बोट मधल्या सांध्यात उलटं, पाठीकडे वाकलं!

तिला खाली घेतलं. बोट आपोआप जागेवर आलं होतं, पण सुजत होतं. हिरालालने ते ओढून बसवायला पकडलं.

"खींच देथंव गुरुजी, बइठ जाही."

"ओढायचं नाही, भैया," म्हणत मी त्याचा हात सोडवला. मग शाळेतल्या स्काउटांना तीस वर्षं शिकवलं तसं बांबूची पट्टी लावून बोट ताठ बांधलं. गंधाली कळवळली. तेव्हा माझी चूक मला कळली. बोट मागे वाकलं की सांध्याचा तळव्याकडचा बंध फाटतो. ताठ बांधलं की तोच पुन्हा ताणला जातो. पट्टी सोडली. शिदोरीतला ॲल्युमिनियमचा चमचा घेतला, दांडा किंचित वाकवला, बोटाच्या पाठीवर बसवला आणि शेजारच्या बोटासकट चिकटपट्टीने बांधलं. बोट जरासं वाकलेलं राहिलं. नख गुलाबी होतं, म्हणजे रक्त फिरत होतं. तिचा श्वास सावरला.

"आता जाऊ? एका हातानं?"

मी नाही म्हटलं. या बोटावर दीड महिना भार नको, आणि पाऊस तर पंधरा दिवसांवर होता. डबीला झाकणही धड नव्हतं, वही भिजून जाणार होती. हिरालाल म्हणाला, गावातून भाच्याला आणतो, तो बारीक पोरगा आहे. मी कपारीकडे पाहिलं. माझ्या लेकराचं अक्षर तिथे होतं. पण दुसऱ्याचं लेकरू मी तिथे चढवणार नव्हतो.

"काय लिहिलं असन बाबानं?" गंधालीने विचारलं.

खोटं सांगता आलं असतं.

"मले माहीत नाही, बेटा. आता कधीच समजणार नाही."

ती खूप वेळ रडली. आम्ही तिला रडू दिलं. मग उतरायला लागलो. मला पुढचं काही दिसेना, दोनदा ठेच लागली. तिने पुढे होऊन डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"आबा, खाली पाहून चाला. मी आहो ना समोर."