पडद्यावर नसलेली ओळ

“तो चष्मेवाला एकदा समोर येऊ दे, मग बघते!” शेजारच्या खुर्चीतल्या अंधुक निळ्या शर्टाला तिने तावातावाने सांगितलं.

शर्ट जरा खाकरला. “समोर नाही... शेजारी आलाय. मीच तो.”

आता आली का पंचाईत! ती बेकरीत केकवर नावं काढायची. हातातलं चोख दिसायचं, त्यापलीकडचं मात्र नुसतं धुकं. चष्म्याची काडी निखळली होती. मंगळवारचा वायदा, शनिवार उजाडला तरी चष्म्याचा पत्ता नाही. त्यात मावशीने फिल्म क्लबचा पास गळ्यात मारलेला. सिनेमा फ्रेंच, म्हणजे संवाद खाली वाचायचे!

“दुकान बंद ठेवून सिनेमे बघता?”

“त्या मापाचा स्क्रू मिळत नाहीये हो... वाचून दाखवू? तेवढीच भरपाई.”

“वाचा. पण हळू — लोक हाकलून देतील.”

गोष्ट तशी वेडगळच होती. लिफ्ट दुरुस्त करणारा एक लाजाळू माणूस, फक्त डाव्या हाताचे मोजे विकणारी एक मुलगी, आणि दोघांच्या अध्येमध्ये लुडबुडणारी एक शेळी. हा काय पोरखेळ, असं तिला पहिली दहा मिनिटं वाटलं. मग शेळी लिफ्टमध्ये शिरून सगळी बटणं दाबत सुटली, आणि ती इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिलं. चष्मेवाला सगळ्यांचे आवाज काढत होता. शेळीचासुद्धा!

शेवटाकडे ते दोघं लिफ्टमध्ये अडकले. बराच वेळ चष्मेवालाही गप्प. मग कानाशी अगदी हलकेच आलं —

“रोज चार वाजता मी काचेतून रस्त्याकडे बघत बसतो. तू पलीकडे जाईपर्यंत माझा चहा गार होतो...”

तिच्या अंगावर काटा आला. लिफ्टमध्ये कसली आली काच? पण फ्रेंच माणसांचं काही सांगता येत नाही.

सोमवारी चष्मा मिळाला. ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. एका केकवर तिने ‘अभिनंदन’ काढताना शेवटचा ‘न’च गाळला. चार वाजता सुटून रस्ता ओलांडताना चष्म्याच्या दुकानासमोर पाय आपोआप रेंगाळू लागले. वेडाबाई, सिनेमातलं बोलणं ते, तुझ्यासाठी थोडंच आहे!

पुढच्या शनिवारी तोच खेळ पुन्हा होता. तिने रजा टाकली. ती ओळ पडद्यावर दिसली, तर स्वतःलाच हसून घरी जायचं आणि पुन्हा त्या दुकानाकडे मान वळवायची नाही, असं तिने ठरवलं.

चष्म्यातून सिनेमा आणखीच गोड दिसला. शेळीच्या पापण्या दिसल्या, लिफ्टवाल्याची चुकीच्या काजांत अडकलेली बटणं दिसली. मग लिफ्ट अडकली. पडद्यावरची दोघं एकमेकांकडे बघत राहिली. एक मिनिट... दीड मिनिट...

खाली एक अक्षर उमटलं नाही.

शेवटाची वाट न बघताच ती उठली. चार वाजत आले होते.

चष्मेवाला दुकानात हातात कपबशी धरून, मान उंच करून बेकरीच्या दाराकडे बघत होता. ती उलट्या बाजूने येऊन दारात उभी राहिली तरी त्याला पत्ता नव्हता.

“आज रजा आहे तिची.”

तो एवढा दचकला की चहा बशीत सांडला. “च... चष्मा टोचतोय का?”

“छे! लख्ख दिसतंय. लिफ्टमध्ये तो एक शब्दही बोलत नाही.”

त्याचे कान लाल झाले. त्याने सवयीने तपासायची भिंगं उचलली. “बसा ना. हे बरं दिसतंय, की हे...”

“आज मी विचारते. ते वाक्य सिनेमातलं होतं, की तुमचं?”

त्याने भिंगं खाली ठेवली.

“माझं,” तो म्हणाला. “तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून धीर झाला.”

तिला खूप आनंद झाला. ती स्टुलावर बसली.

“आणि स्क्रू?”

“तो खरंच मिळत नव्हता. आईशप्पथ!”

तिने कपाकडे पाहिलं. “गार झाला?”

“रोजचंच आहे.”

“मग दोन गरम सांग,” ती म्हणाली. “आणि तोवर शेळी करून दाखव. सिनेमातल्या शेळीला तुझी सर नाही.”